पासंगाचा गूळ

मी एक जुना ताजवा आहे. शहरात मला तराजू म्हणतात. ज्यांना गूळ कमी आल्याचा संशय आला त्यांनी मला आणखीही काही नावं ठेवली, पण ती मुलांच्या पुस्तकात छापण्याजोगी नाहीत. एक लोखंडी दांडी, मधोमध काटा, दोन बाजूंना साखळ्या आणि साखळ्यांना पत्र्याची दोन पारडी, एवढाच माझा संसार. आणि हो, डाव्या साखळीला चिंधीत बांधलेला एक गोटा. पाहुण्यांची नजर आधी त्याच्यावरच जाते. त्याला पासंग म्हणतात. एखादं पारडं मुळातच हलकं निघालं, की दोन्ही बाजू सारख्या करायला हलक्या बाजूला जे बांधतात ते पासंग.

मित्रांनो, माझी डावी बाजू हलकी का, हे आधी सांगून टाकतो. पुढची सगळी गोष्ट तिथूनच निघते.

माझा जन्म छप्पनच्या दुष्काळातला, म्हणजे संवत १९५६ मधला, इंग्रजी सन १९००च्या तोंडचा. खर्ड्याच्या बाजूला तेव्हा सरकारनं खडी फोडायचं काम काढलं होतं. दिवसभर दगड फोडावेत आणि संध्याकाळी पदरात ज्वारी घ्यावी, असा तो व्यवहार. ज्वारी मोजायची तर ताजवा हवा, म्हणून मुकादमानं लोहाराला मला घडवायला सांगितलं. लोहारानं त्या दिवशी काही खाल्लं नव्हतं. भाता ओढणाऱ्या त्याच्या बायकोनं आदल्या दिवशीही खाल्लं नव्हतं. कोळसा अर्धी पाटी. माझी उजवी बाजू छान भरदार उतरली. डावीकडे येईपर्यंत लोखंडही संपलं आणि लोहारही.

मुकादमानं मला उचलून धरलं, तर डावं पारडं आभाळाकडे.

"ह्याला काय झालं रं?" मुकादम म्हणाला.

"दुस्काळ झाला," लोहार म्हणाला, आणि कोरड्या ओढ्यातला एक गोटा उचलून त्यानं माझ्या साखळीला बांधला.

तेव्हापासून मी अगदी सरळ आहे. म्हणजे, गोटा बांधलेला असेल तर सरळ आहे. पुष्कळ मोठ्या माणसांचंही असंच असतं, असं मी ऐकून आहे.

कामावरच्या मजुरांच्या छावणीत, त्याच महिन्यात एक बाई बाळंत झाली. खडी फोडता फोडता बाजूला गेली आणि पोर घेऊन परत आली. संध्याकाळी ज्वारी घ्यायला ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिच्या काय मनात आलं कोण जाणे, तिनं फडक्यातलं पोर अलगद माझ्या डाव्या पारड्यात ठेवलं. उजव्या पारड्यात दोन शेरांचं वजन होतं, धडधाकट तान्ह्याच्या वजनाहून कमीच. पोराचं पारडं हललंसुद्धा नाही. वरचं वरच राहिलं.

मुकादम मोठा कडक माणूस होता, शिव्या दिल्याशिवाय कुणाला राम राम करत नसे. त्यानं पोत्यात हात घातला आणि पोराच्या उशाशी एक मूठ ज्वारी टाकली. मग आणखी थोडी. काटा मधोमध आला तेव्हा म्हणाला, "ने ही. आन आता बघत उभी ऱ्हाऊ नको."

त्या पोराचं नाव आसाराम. तो आणि मी एका वयाचे, एका छावणीतले, आणि एकाच कारणानं हलके. छावणी उठली तेव्हा कुणालाच नको असलेलं सामान मागे राहिलं. त्यात मी होतो. आसारामच्या बापानं मला आणि त्या दोन शेरांच्या वजनाला खांद्यावर टाकलं. घरात खायला दाणा नाही, पण मोजायला ताजवा आहे, अशा थाटात ते कुटुंब पायी पायी प्रवरेच्या काठाला आलं आणि राहुरीच्या अलीकडच्या एका गावात राहिलं.

पुढे चांगले दिवस आले. पाऊस पडला, जोंधळा पिकला, आसारामच्या आईच्या गालावर मांस दिसू लागलं. मग तिला दुसरा मुलगा झाला, सहादेव. त्याला कुणी माझ्यात घातलं नाही. गरजच नव्हती. तो जन्मला तेव्हाच सुईण म्हणाली होती, "हे काय बाई, बारशाला आलेला पाव्हनाच की!"

दोघं भाऊ एका ताटात जेवले, एका नदीत पोहले, एका मास्तरांचा मार खाल्ला. पण सहादेव वाढला तो चिंचेसारखा आणि आसाराम बोरीसारखा. चाळिशीला सहादेव जत्रेत कुस्त्या मारत होता. आसाराम पंचेचाळिशीच्या आतच जिना चढताना भिंत धरून दम खायचा. दाढा गेल्या, गुडघे वाजू लागले, आणि एक दिवस झुंबरबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मोरीमागे मुंग्यांची रांग पाहिली. वैद्यांनी सांगितलं, मधुमेह. गूळ बंद.

आता यातली गंमत अशी, की तोवर पाटाचं पाणी आलं होतं, गावात ऊस झाला होता आणि आसारामचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. दिवसभर काहिलीत रस उकळायचा, ढेपा पडायच्या, मी त्या तोलायच्या, आणि मालकानं नुसता वास घ्यायचा. धाकटा सहादेव मुद्दाम समोर बसून भाकरीवर काकवी ओतून घ्यायचा.

"दादा, तुमी न्हाई घेत? बरं बरं. तुमचंबी मीच खातो. नात्याला जागलं पायजे."

"खा," आसाराम म्हणायचा. "फुटशील तवा येईन गोळा करायला."

आसाराम चिकट होता, असं गाव म्हणे. मी त्याला जवळून ओळखतो. तो चिकट नव्हता. देण्याच्या बाबतीत तो फक्त विसरभोळा होता.

त्याचा मुलगा गोरक्षनाथ आणि सून चांगुणा. लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा आसाराम चैत्रातल्या जत्रेत नाथाच्या देवळात उभं राहून नवस बोलला. ते लढाईचे दिवस होते. जगात ती तोफांनी चालायची, आमच्या गावात रॉकेलच्या रांगेत. आसाराम हात जोडून म्हणाला, "नाथबाबा, घरात नातवंड दे. ज्या जत्रंला ते आपल्या पायानं तुझी पायरी चढंल, त्या जत्रंला त्याच्या वजनाइतका गूळ गावाला वाटीन."

तो हे हळू म्हणाला होता. पण मागे सहादेव उभा होता.

"ऐकलं का रं समद्यांनी?" त्यानं देवळाच्या आवारात हाळी दिली. "दादा नातवाची गुळानं तुला करनार हायती!"

पाच वर्षं जे झालं नव्हतं ते नाथाकडून त्या हिवाळ्यात झालं. चांगुणाला दिवस गेले.

आणि झुंबरबाईनं तिची भाकरी अर्धी केली.

मित्रांनो, झुंबरबाईला वाईट समजू नका. तिची थोरली बहीण बाळंतपणात अडून गेली होती. मूल मोठं होतं, असं तेव्हा सुईण म्हणाली होती, आणि दहा वर्षांच्या झुंबरनं ते दाराआडून ऐकलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की पोटुशीनं पोटभर खाल्लं की मूल मोठं होतं आणि मोठं मूल आईला नेतं. सून तिला जड नव्हती, लाडकी होती. म्हणून तर तिला उपाशी ठेवत होती.

"खाऊ नको लई," ती सांगायची. "प्वाटात भाकरच भरली तर लेकरानं बसावं कुठं?"

चांगुणा मान हलवायची. दुपारी ती गुऱ्हाळाच्या छपरात माझ्याशेजारी येऊन बसायची, आणि ढेपांच्या फडक्याला चिकटलेला गूळ नखानं काढून खायची. मी पाहायचो. ताजव्याला पाहण्याखेरीज दुसरं काय येतं?

आसाराम यात पडला नाही. उलट त्याला ते पटलं होतं. मूल लहान, तर गूळ लहान. नवरा-बायकोचं इतकं एकमत त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

पण गावाचं मत वेगळं होतं. सहादेवानं पारावर बसून सगळ्यांना हिशेब समजावला. "नीट ध्यानात घ्या. लेकरू जड, तर परसाद जड. लेकरू हलकं, तर बोट चाटून घरी जा. दादाच्या घरात काय चाललंय ठावं हाय का? सून अर्ध्या भाकरीवर! ही आपल्या गुळावर धाड हाय, राव!"

शाळेचे विष्णुपंत मास्तर तिथेच होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलांना गणित घातलं: एका बालकाचे वजन इतके असता प्रत्येक घरी गूळ किती? मुलांनी उत्तर काढलं आणि घरोघर सांगितलं. आयांना ते फारच कमी वाटलं.

आणि मग गाव चांगुणाला खाऊ घालायला लागलं. मित्रांनो, माणसं चांगली का वागतात, याची चौकशी फार करू नये. वागतात, हे पुष्कळ आहे. कुणी दूध आणलं, कुणी शेंगा भाजून आणल्या, कुणी तिळाची पोळी. "डोहाळे काय लागले गं?" असं विचारत बाया पदराखालून वाट्या काढू लागल्या. मास्तरांच्या कुटुंबानं, प्रेमलाताईंनी तर तूप-मेतकूट भाताचा डबाच पाठवला.

झुंबरबाईनं सगळं घेतलं, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, आणि वाट्या उचलून उतरंडीच्या वर ठेवून दिल्या. चांगुणाचा हात तिथवर पोचत नव्हता. शिडी लावली असती तर पोचला असता, पण पोटुशीनं शिडी चढू नये, असंही झुंबरबाईचं मत होतं.

चांगुणाचं तोंड सुकत चाललं. डोळ्यांभोवती काळं दिसू लागलं. दुपारी माझ्याशेजारी ती बसायची ती आता पाठ टेकूनच.

एका संध्याकाळी आसाराम छपरात बाजेवर पडला होता आणि झुंबरबाई त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. मी आढ्याला टांगलेला. ती चोळता चोळता बोलत होती.

"त्या प्रेमलाबाय मला शिकवाय आल्त्या. म्हनं, सुनेला घाला, दोन जिवांची हाय. मी म्हनलं, बाई, आमच्या सासूनं छप्पनच्या दुस्काळात काय खाल्लं हुतं? खडी फोडीत हुती. चार-चार दिस प्वाटात दाना न्हाई. तरी झाला का न्हाई आमचा मानूस?"

झुंबरबाईनं आसारामचा गुडघा दाबला, तो कट्‌कन वाजला.

"झालो," तो म्हणाला.

"तेच म्हनते मी."

"झालो, झुंबर. आन बघ कसा झालो."

तिचा हात थांबला.

"माझं वय काय? सहादेवापरीस मी चार-पाच वर्सांनी मोठा. बघनारा म्हनतो बाप हाय का त्याचा. त्यो दिसभर मोट हाकतो, मी बाजंवर. त्यो काकवी पितो, मी कारल्याचा रस. आई एक, बाप एक, भाकर एक. वेगळं काय हुतं?" त्यानं मान वर करून माझ्याकडे बोट केलं. "आई सांगायची, मला ह्या ताजव्यात घातला तर दोन शेरांना मी हललो न्हाई. ह्याला बघ. चाळिशी उलटली तरी गोटा सुटला का? त्या टायमाला जे कमी पडलं ते कमीच पडलं."

"अवो, पन थोरली माझी—" झुंबरबाईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"तुझ्या भैनीचं मला ठावं न्हाई," आसाराम म्हणाला. "खरंच न्हाई ठावं. मला माझं ठावं हाय."

झुंबरबाई तेलाची वाटी घेऊन आत गेली. पण उतरंडीवरची एकही वाटी खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आसाराम छपरात आला. चांगुणा माझ्याशेजारी बसली होती. मामंजींना पाहून पदर पुढे ओढून उठली, कोपऱ्यात तोंड फिरवून उभी राहिली. आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नसे, आणि सून तर सासऱ्यापुढे शब्दही काढत नसे. घरातलं काही सांगायचं असलं तर दोघांच्या मध्ये झुंबरबाई लागायची. पण हे सांगायचं होतं नेमकं झुंबरबाईच्या माघारी. आसाराम जरा वेळ घुटमळला. मग त्यानं धोतराच्या सोग्यातून मूठभर भाजल्या शेंगा आणि गुळाचा एक खडा काढला, माझ्या डाव्या पारड्यात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला:

"ताजव्या, सुनेला सांग, हे खा म्हनावं."

मला आयुष्यात प्रथमच कुणी निरोप्या केलं होतं. मी काय सांगणार? डावीकडे झुकलो, एवढंच.

आसाराम पाठ करून बाहेर बघत उभा राहिला. मागे टरफलं फुटल्याचा आवाज येऊ लागला. बराच वेळ आला. मग एक बारीक आवाज म्हणाला:

"ताजव्या, मामंजींना सांग, शेंगा लई ग्वाड हायती."

"ताजव्या, तिला सांग, उद्या दूध आनतो."

मग हे रोजचंच झालं. माझ्या पारड्यात रोज काही ना काही असायचं. अंडी उकडलेली, मेथीची भाजी भाकरीत गुंडाळून, एकदा तर जांभळं. नवस बोलल्याबद्दल पस्तावणारा माणूस आता स्वतःच माप वाढवत होता. देण्यातला विसरभोळेपणा त्याचा कुठे गेला, देव जाणे. आणि दोघं माझ्यामार्फत गप्पा मारू लागले. "ताजव्या, तिला इचार, पाय सुजत्यात का?" "ताजव्या, मामंजींना सांग, तुमीबी कारल्याचा रस सांडीत जाऊ नगा, मी बघितलंय." त्या घरात सासऱ्याला हे ऐकवणारी ती पहिलीच. तीही मला ऐकवत होती म्हणून चाललं.

शेवटी झुंबरबाईनं पकडलंच. भाकरीची टोपली घेऊन ती छपरात आली, तर नवरा ताजव्याशी बोलतोय आणि सून तोंडभर लाडू घेऊन उभी.

चांगुणाला लाडू गिळता येईना आणि टाकता येईना.

"चावून खा," झुंबरबाई म्हणाली. मग तिथेच खाली बसली आणि डोळ्याला पदर लावला. "तिला काय झालं तर मी कुनाकडं बघू? थोरलीला न्हेलं तवा तिच्या बांगड्या मी काढल्यात हातानं."

आसाराम गुडघे धरून तिच्याशेजारी बसला. खाली बसणं त्याला सोपं नव्हतं.

"बोलव तुझ्या इश्वासातल्या सुईनीला," तो म्हणाला. "आजपासनं बोलव. राहुरीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईलाबी सांगून ठिवू. बैलगाडी जुपून ठिवतो, काय कमी-जास्ती झालं तर घटकाभर खोटी व्हायची न्हाई. भ्या वाटतंय तर त्याचा बंदोबस्त करू, झुंबर. पन भ्याचा बंदोबस्त तिच्या भाकरीतनं नगं."

झुंबरबाईनं डोळे पुसले. मग टोपलीतून एक सबंध भाकरी काढली. त्यावर चटणी, त्यावर तेल. मला वाटलं, ती सुनेच्या हातात देईल. तिनं ती माझ्या पारड्यात ठेवली.

"आता तुझ्याच मारफत चालतंय म्हनं ह्या घरात," ती मला म्हणाली. "दे तिला."

भाद्रपदात, भर दुपारी, चांगुणा बाळंत झाली. सुईण आत, गाडी दारात जुंपलेली, बैल कंटाळून एकमेकांना चाटताहेत, आणि आसाराम माझ्याखाली बसलेला. पासंगाचा गोटा तो हातात धरून होता. देव सापडत नसला की माणसं हाताशी असेल ते धरतात. आतून बाळाचा आवाज आला तेव्हा तो उठायला गेला आणि परत बसला. मग सुईण दारात येऊन म्हणाली, "आई झ्याक हाय. पोरगी हाय. आवाज ऐकलाच असंल, ओढ्यापल्याडच्यांनीबी ऐकला."

तान्ह्या मुलाला तोलू नये, दृष्ट लागते, असं आमच्याकडे मानतात. आसाराम माझ्याकडे बघायचा, झुंबरबाईकडे बघायचा. पाचवी पुजून झाली तशी झुंबरबाई आपणहून बाळ घेऊन छपरात आली. गालाला रुपयाएवढी तीट.

"एकदाच," ती म्हणाली. "आन मोठ्यानं बोलायचं न्हाई कुनी."

आसारामनं माझ्या उजव्या पारड्यात तेच दोन शेरांचं वजन ठेवलं. झुंबरबाईनं बाळ डावीकडे ठेवलं.

खट्‌! डावं पारडं जमिनीला टेकलं. दोन शेर बिचारे वर लटकत राहिले.

मोठ्यानं बोलायचं नव्हतंच. आसारामची हनुवटी मात्र थोडी हलली. झुंबरबाईनं ते पाहिलं आणि बाळ उचलून घेत म्हणाली, "चला आत. ह्या ताजव्याला काय, त्यो रोजच झुकतो."

पोरीचं नाव छबू. मुलगी झाली म्हणून एक-दोघांनी पारावर विचारलं, "मग आता तुला होनार का?" त्यावर सहादेव असा काही बघत राहिला की प्रश्न तिथेच वितळला. गुळाला मुलगा-मुलगी कळत नाही, यावर सगळं गाव ठाम होतं.

छबू वाढली. गावानं वाढवली. तिच्या आईला दूध उतरावं म्हणून बाया अळीव घेऊन यायच्या, आणि जाता जाता पोरीची मांडी चिमटीत धरून बघायच्या. जत्रेला किती वेळ आहे, हे मोजायच्या. दुसऱ्या चैत्रात ती नाथाच्या देवळाची पायरी चढली. एक पाय वर, मग दोन्ही हात टेकवून दुसरा पाय. वर पोचल्यावर वळून गावाकडे बघून टाळ्या वाजवल्या. गावानं तिच्यापेक्षा जोरात वाजवल्या.

मला देवळासमोरच्या लिंबाला टांगलं होतं. झेंडूची माळ घातली होती, पासंगालाही एक फूल. एका पारड्यात छबू बसली आणि साखळी चावू लागली. दुसऱ्या पारड्यात आसाराम ढेपा ठेवू लागला. एक ठेवली, पारडं हललं नाही. दुसरी ठेवली. गर्दी श्वास धरून उभी. सहादेव ओरडला, "पोरगी हाय का जातं!" आणि झुंबरबाईनं जत्रेभर ऐकू येईल अशी बोटं मोडली. मग आसारामनं ढेप फोडून खडे टाकले, एकेक. काटा मधोमध आला, थरथरला, उभा राहिला.

जयजयकार झाला. परातीत गूळ घ्यायला हात पुढे आले.

"थांबा," आसाराम म्हणाला.

त्यानं छबूला उतरवून चांगुणाकडे दिलं. गुळाचं पारडं रिकामं केलं. मग उजवीकडे दोन शेरांचं ते जुनं वजन ठेवलं आणि डावीकडे पुन्हा गूळ टाकू लागला.

"दादा, तुला झाली की," सहादेव म्हणाला. चेष्टा न करता बोललेलं त्याचं हे पहिलंच वाक्य असावं. "ह्यो कुनाचा?"

"तिची झाली," आसाराम म्हणाला. "ही माझी. ह्याच वजनाला माझं पारडं वर ऱ्हायलं हुतं. मुकादमानं मूठ घातली म्हनून काटा सरळ झाला. त्याचं नावबी आईला ठावं नव्हतं."

काटा सरळ झाला. आसारामनं तो गूळ फडक्यात बांधला आणि गर्दीवरून नजर फिरवली. मागे, लिंबाच्या सावलीच्या पार कडेला, बनुबाई उभी होती. तिचा नवरा आमच्या गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवणात चिपाडं घालायचा. तिला सहावा महिना होता, आणि पदर पोटावर ओढून ती गुळाकडे बघत होती.

परक्याच्या बायकोशी भर जत्रेत बोलायचं कसं? आसाराम माझ्याकडे वळला.

"ताजव्या, तिला सांग, वटी पसर म्हनावं."

गर्दीत कुणाला काही कळलं नाही. चांगुणाला कळलं. तिनं छबूला कडेवर घेतलं, सासऱ्याच्या हातातून ते गाठोडं घेतलं, आणि माणसांमधून वाट काढत जाऊन बनुबाईच्या ओटीत घातलं.

"सबंध खा," ती म्हणाली. "आन शेंगा लागल्या तर दुपारच्या छपरात येत जा."

आसाराम तिथेच उभा होता. बोटांना गूळ चिकटला होता. त्यानं बोटं तोंडापर्यंत नेली. झुंबरबाईनं नुसतं पाहिलं. त्यानं बोटं धोतराला पुसली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आमच्या गावात तुला होते ती माझ्यावरच होते, आणि तुला झाली की आणखी दोन शेर गूळ तोलतात. तो देवाला जात नाही, गावाला जात नाही. गावात जी कोणी पोटुशी असेल तिच्या ओटीत जातो. त्याला आसारामचा पासंग म्हणतात. छबूच्या आधी जन्मलेली सगळी पोरं आपली जुन्या मापाची. नंतरची मात्र माझ्या पारड्याला जरा जडच वाटतात. हे मी अभिमानानं सांगतो, पण कुणी तपासायला येऊ नये. माझ्या साखळ्या आता म्हाताऱ्या आहेत.

गुऱ्हाळावर जमिनीवरचा नवा काटा आला आहे. त्याला टांगावं लागत नाही आणि त्याला गोटा नाही. फार हुशार आहे, पण त्याच्यात बसून झोके घेता येत नाहीत. मी पडवीत असतो. छबू शाळेतून आली की माझ्या पारड्यात बसते आणि मी कुरकुरतो. झुंबरबाई आतून ओरडते, "मोडंल त्यो!" आणि आसाराम बाजेवरून म्हणतो, "मोडत न्हाई. माझ्याएवढा हाय."

त्याची तब्येत? पन्नाशीला सत्तरीचा दिसतो, पण टिकून आहे. सकाळी कारल्याचा रस, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी छबूचं बोट धरून नदीपर्यंत जाणं आणि येताना तिनं त्याचं बोट धरणं. हे सगळं झुंबरबाईनं त्याला बांधलं आहे, चिंधीत गोटा बांधावा तसं. तो कुरकुर करतो आणि सरळ राहतो.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, म्हणून जे समजलं तेवढंच सांगतो. घडताना जे कमी पडतं ते पुढे आयुष्यभर वजनात दिसतं. ते कमी पडलेलं कुणी परत आणून देत नाही. म्हणून तुमच्या घरात, शेजारी, गल्लीत कोणी पोटुशी असेल, तर तिच्या ताटाकडे बघा. तिच्या ताटात दोघांचं म्हातारपण वाढलेलं असतं. आणि ज्याच्या वाट्याला आधीच कमी आलं असेल, असा एखादा आसाराम तुमच्या बाजेवर बसला असेल, तर त्याला हसण्याआधी त्याच्या हलक्या बाजूला काहीतरी बांधा. फार नको. मूठभर पुरतं. मी मोजून सांगतो.

आणि माझ्याकडे आलात तर साखळीला थोडं तेल घाला. तेवढा गोटा मात्र काढू नका. तो माझाच भाग आहे.